ऑपरेशननंतर आई बरळू लागली. आता वडिलांना कसं जपावं?

प्रश्न: माझी आई ७८ वर्षांची. दीड महिन्यापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण दुसऱ्या रात्री ती मला ओळखेना. वारलेल्या मावशीला हाका मारत होती, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणत होती, हातातलं सलाईन उपसून टाकलं. मग तिचे हात कॉटला बांधले, झोपेचं इंजेक्शन दिलं. पुढचे दोन दिवस ती गप्प पडून होती, तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो, बरी झाली. आता घरी आहे, बरीचशी ताळ्यावर आहे. पण वार विसरते, रात्री उठून ‘घरी चल’ म्हणते. हॉस्पिटलात सुरू केलेली रात्रीची गोळी अजून चालू आहे. भाऊ म्हणतो, म्हातारपणाचं वेड लागलं. पुढच्या महिन्यात वडिलांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन आहे. ते ८२ वर्षांचे, ऐकू कमी येतं, कानाचं मशीन आहे पण पेटीतच असतं. झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी कित्येक वर्षं घेतात. त्यांचंही असंच होईल का? आम्ही काय करावं?
– एक लेक, कराड

उत्तर:

ताई, भावाला आधी हे सांगा की आईला वेड लागलेलं नाही. तिला जे झालं त्याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. भाऊ म्हणतो ते म्हातारपणाचं वेड, म्हणजे डिमेन्शिया, महिन्या-वर्षांच्या हिशेबाने हळूहळू वाढतो. डेलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, दिवसभरात कमीजास्त होतो (सकाळी नीट बोललेली आई दिवेलागणीला तुम्हाला परकी समजते) आणि त्याच्या मुळाशी जवळजवळ नेहमी शरीरातलं कारण असतं. बहुतेक वेळा एक नाही, चार-पाच कारणं एकत्र आलेली असतात. तुमच्या आईचाच विचार करा. मोडलेल्या हाडाची कळ, ऑपरेशनपूर्वीचा उपास, भूल, दुखण्यावरची कडक औषधं, लघवीची नळी, अनोळखी खोली, सलग दोन रात्रींची झोपमोड. एवढं सगळं एकदम आल्यावर ७८ वर्षांच्या मेंदूचा तोल जातो. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर हे इतक्यांदा घडतं की प्रत्येक नातेवाइकाला दाखल होतानाच त्याची कल्पना द्यायला हवी. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी ती दिली जात नाही.

पत्रातली एक गोष्ट मात्र आम्हाला मुंग्यांपेक्षा आणि उपसलेल्या सलाईनपेक्षा जास्त खटकली, ती म्हणजे ते गप्प गेलेले दोन दिवस. डेलिरियमचा एक प्रकार आरडाओरड्याचा असतो, तो साऱ्या वॉर्डाला कळतो. दुसरा शांत असतो. माणूस झापड आल्यासारखा पडून राहतो, विचारलं तर उशिरा आणि तुटक बोलतो, घास तोंडात घेऊन चघळायचं विसरतो. कुणाला त्रास नाही म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. आणि याच काळात पाणी पोटात जात नाही, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, कुशीवर न वळवल्याने पाठीला जखमा होतात. म्हातारं माणूस हॉस्पिटलात एकाएकी ‘शांत’ झालं तर सिस्टरना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं. शब्दही सांगून ठेवतो: “ही एरवी अशी नसते. कालपर्यंत नीट बोलत होती. डेलिरियम आहे का, बघाल का?” राउंडला आलेल्या डॉक्टरांना पेशंट दोन मिनिटं दिसतो. तो एरवी कसा असतो हे फक्त घरच्यांना ठाऊक असतं, म्हणून तुमच्या या वाक्याला निदानात फार वजन आहे.

खात्री करायची तर लक्ष किती टिकतं ते बघा. डेलिरियममध्ये सगळ्यात आधी लक्ष सुटतं. डॉक्टर वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावतात; सात महिने बरोबर आले तर लक्ष ठीक धरतात. आपल्याकडच्या आजी-आजोबांना जानेवारी-डिसेंबरपेक्षा फाल्गुन, माघ, पौष असं उलटं सोपं जातं. तेही जमत नसेल तर शनिवारपासून मागे वार विचारा. एरवी हे सहज म्हणणारा माणूस मध्येच हरवला, पुन्हा सुरुवातीला गेला, खिडकीकडे बघत बसला, की समजायचं. जन्मतारखेवर मात्र फार भिस्त ठेवू नका. शाळेत मास्तरांनी १ जून लिहून दिलेली पिढी आहे ती. खरी तारीख अनेकांना पहिल्यापासूनच माहीत नसते.

आता आईबद्दल. ऑपरेशननंतर दीड महिन्याने वार चुकणं, रात्री गोंधळणं हे अजून डेलिरियम ओसरण्याच्या वाटेवरचं असू शकतं. काहींचं चार दिवसांत निवळतं, काहींना कित्येक आठवडे, क्वचित काही महिने लागतात. म्हणून आत्ताच डिमेन्शियाचा शिक्का नको. स्मरणशक्तीची नीट तपासणी ऑपरेशननंतर साधारण तीन महिने उलटल्यावर करून घ्या. ती टाळू मात्र नका. आधीपासून थोडा विसराळूपणा असलेल्या माणसाला डेलिरियम लवकर होतो, आणि डेलिरियम होऊन गेलेल्यांना पुढे डिमेन्शिया होण्याची शक्यता वाढते.

एक धोका मात्र तीन महिने थांबू शकत नाही. आई पडली होती. पडताना डोक्याला हलका मार बसला तरी या वयात कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत जाऊ शकतं आणि त्याची लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर धोका आणखी जास्त. सुधारणा थांबून उलट घसरण सुरू झाली, डोकं दुखतंय म्हणाली, दिवसा झापड वाढली, एका बाजूचा हातपाय जड वाटला, तर त्याच दिवशी दाखवा आणि डोक्याचा सीटी स्कॅन करायला हवा का ते विचारा. एरवी फिजिशियनकडून सोडियम, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि बी-१२ एकदा बघून घ्या. लघवीच्या तपासणीत नुसते जंतू दिसले म्हणून लगेच अँटिबायोटिकच्या मागे लागू नका. या वयाच्या बऱ्याच बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. ताप, जळजळ, ओटीपोटात दुखणं असेल तर गोष्ट वेगळी.

ती रात्रीची गोळी कोणती, हे डिस्चार्ज कार्डावर बघा. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल किंवा क्लोनाझेपाम असं काही नाव असेल. ही औषधं हॉस्पिटलातल्या चार वाईट रात्रींसाठी लिहिली जातात आणि मग कुणी बंदच करत नाही. त्यांनी तोल जातो, आणि नुकतीच खुब्यात सळई किंवा बॉल बसवलेल्या बाईला पुन्हा पडणं परवडणारं नाही. मनाने एकदम बंद करू नका, विशेषतः क्लोनाझेपाम. डॉक्टरांना सरळ विचारा: ही कशासाठी होती, अजून गरज आहे का, कमी कशी करायची? रात्री ‘घरी चल’ म्हणाली तर ‘अगं, हे घरच आहे ना!’ असा वाद घालू नका. तिला भीती वाटतेय. दिवा लावा, हात धरा, पाणी द्या, लघवीला जायचंय का विचारा. बऱ्याचदा तीच घाई असते. आणि दिवसा कधीतरी त्या रात्रींबद्दल तिच्याशी बोला. बऱ्याच रुग्णांना डेलिरियममधलं भयंकर काही तुकड्यातुकड्यांत आठवत राहतं आणि आपल्याला वेड लागलं होतं या लाजेने ते बोलत नाहीत. तो आजार होता, औषधांनी आणि दुखण्याने झाला होता, हे तिला स्पष्ट शब्दांत कळू द्या.

वडिलांकडे वळू. त्यांना होईलच असं नाही, पण वय, कमी ऐकू येणं आणि झोपेची गोळी या तीन गोष्टींमुळे धोका बराच आहे. तुमच्या हातात एक महिना आहे, ही फार मोलाची गोष्ट. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या हॉस्पिटलात ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात औषध कुठलंच नव्हतं. रुग्णांशी दिवसातून काही वेळा बोलणं, चष्मा आणि कानाचं मशीन लावणं, पाणी पाजणं, चालवणं, रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध आणि पाठीला मसाज, एवढंच. नेहमीच्या वॉर्डात १०० पैकी १५ जणांना डेलिरियम झाला, या वॉर्डात साधारण १० जणांना. पण एकदा सुरू झालेल्या डेलिरियमची तीव्रता या उपायांनी फारशी कमी झाली नाही. म्हणून सगळी मेहनत आधी करायची. तिकडे यातलं बरंच काम प्रशिक्षित स्वयंसेवक करत. आपल्याकडे कॉटखाली चटई टाकून झोपणारा नातेवाईक आधीच हजर असतो. नेमकं काय करायचं हे त्याला कुणी सांगत नाही, एवढाच प्रश्न आहे.

पहिलं काम गोळीचं. अल्प्राझोलाम वर्षानुवर्षं घेणाऱ्याने ती ऑपरेशनच्या तोंडावर अचानक थांबवली तर त्यानेच भ्रम होतो, फिटही येऊ शकते. कमी करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे-महिने घेऊन हळूहळू. त्यामुळे आज फिजिशियनना भेटून ठरवा, आणि काहीही ठरलं तरी भूलतज्ज्ञांना गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि किती वर्षं घेतात ते सांगा. सगळ्या औषधांच्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून न्या: सर्दीची, खाजेची, पोटदुखीची, आयुर्वेदिक, सगळी. सर्दी-खाजेच्या गोळ्यांतली क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन यांसारखी औषधं म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकतात आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्याची लघवीही अडवतात. ती तर आजच बंद करता येतील का ते विचारा. दारू घेत असतील, रोज थोडी का होईना, तर लाज न बाळगता सांगा. शेवटच्या घोटानंतर दोन-तीन दिवसांनी होणारा भ्रम जिवावर बेतू शकतो, आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत. तंबाखू-मिश्रीची सवयही सांगा. ती एकदम तुटली की माणूस अस्वस्थ होतो.

कानाचं मशीन आजपासून रोज लावायला सुरुवात करा, आधी तासभर, मग वाढवत. नाहीतर ऐन हॉस्पिटलात ते नवं वाटून काढून टाकतील. तिथे जाताना बॅटरीचे जास्तीचे सेल घ्या. चष्मा, मशीन आणि कवळी यांसाठी झाकणाची एक डबी ठेवा, वर मोठ्या अक्षरात नाव आणि बेड नंबर चिकटवा. कवळी जेवणानंतर कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली जाते आणि ताटाबरोबर कचऱ्यात जाते. पुढचे आठ दिवस माणूस पेज पिऊन काढतो. मशीन आणि चष्मा ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत अंगावर असू द्या, आणि बाहेर आल्याबरोबर परत घाला. ऐकू न येणाऱ्याला सिस्टर काय म्हणतात ते कळत नाही, तो भलतंच उत्तर देतो, आणि फाइलवर ‘गोंधळलेला’ अशी नोंद होते.

भूलतज्ज्ञांना भेटाल तेव्हा उपासाबद्दलही विचारा. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही’ असं सरसकट सांगितलं जातं. भूलतज्ज्ञांच्या नियमांनुसार बहुतेक रुग्णांना जड नसलेलं खाणं सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या वडिलांना चालेल का, आणि यादीत पहिला नंबर मिळेल का, हे विचारून घ्या. पाठीतलं इंजेक्शन दिलं की डेलिरियम टळतो असं पुष्कळ जण सांगतील. खुब्याच्या ऑपरेशनवरच्या, २०२१ आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत पूर्ण भूल आणि पाठीतलं इंजेक्शन यांत तसा फरक दिसला नाही. तेव्हा त्यावर अडून बसू नका. गुंगीचं औषध शक्य तितकं कमी ठेवाल का, एवढंच विचारा.

प्रोस्टेटच्या ऑपरेशनची स्वतःची दोन दुखणी आहेत. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना मूत्राशयात सतत पाणी सोडतात. ते रक्तात फार शोषलं गेलं तर सोडियम झपाट्याने उतरतं. माणूस त्याच दिवशी अस्वस्थ होतो, मळमळतं, अंधुक दिसतं, बरळतो. सलाईनचं पाणी वापरून केलेल्या नव्या पद्धतीत हा धोका बराच कमी आहे. पण पहिल्या दिवशी असं काही दिसलं तर तातडीने सोडियम तपासायला सांगा. दुसरं म्हणजे नळी. ऑपरेशननंतर नळी लागतेच, आणि रक्ताच्या गाठीने ती तुंबते. वडील अचानक तळमळू लागले, पोटावर हात ठेवून उठायला बघू लागले, तर आधी कॉटच्या कडेला लटकलेली पिशवी बघा. मूत्राशय धुवायचं पाणी वरून चालू आहे आणि पिशवी भरत नाही, म्हणजे मूत्राशय फुगतंय. सिस्टरना धावत बोलवा. नळी धुतली की काही मिनिटांत माणूस शांत होतो. अशा वेळी झोपेचं इंजेक्शन दिलं तर खरं कारण झाकलं जातं. मूत्राशयाच्या कळा थांबवायला ऑक्सिब्युटिनिनसारखी गोळी लिहिली, तर ‘याने भ्रम होतो ना, किती दिवस द्यायची?’ हे विचारा. आणि नळी कधी निघणार, हे रोज राउंडला विचारत राहा.

पहिल्या तीन रात्री घरातलंच माणूस हवं, आणि शक्यतो तेच. दोघा-तिघांत पाळ्या लावा. एकदम दहा-बारा पाहुणे आले की पेशंट थकतो, आणि त्यातला प्रत्येक जण वाकून विचारतो, ‘दादा, मला ओळखलंत का? सांगा मी कोण?’ ही परीक्षा बंद करा. जवळ जाऊन, तोंड दिसेल असं उभं राहून आपणच सांगायचं: “दादा, मी तुमची लेक. तुम्ही हॉस्पिटलात आहात. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय. आज मंगळवार, सकाळचे दहा वाजलेत.” दिवसातून सात-आठ वेळा, सहज बोलण्याच्या ओघात. समोर मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि कॅलेंडर टांगा.

सकाळी पडदे उघडा, तोंड धुऊन, मशीन-चष्मा घालून चहा बसून द्या. डॉक्टरांनी परवानगी दिली की जेवण कॉटवर पडून नको, खुर्चीत. आणि दिवसातून तीनदा धरून चालवा. पाणी मागण्याची वाट बघू नका, दर तासाला अर्धा पेला पुढे करा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर दिवसाचं प्रमाण डॉक्टरांकडून घ्या. तीन दिवस शौचाला झालं नाही तर सांगा; नुसत्या बद्धकोष्ठानेही म्हातारी माणसं बरळतात. दुखणं ती सांगत नाहीत, कपाळाच्या आठ्या आणि आवळलेली मूठ सांगते. ‘दुखलं तर द्या’ याऐवजी पॅरासिटामॉल ठरल्या वेळी देता येईल का विचारा, म्हणजे ट्रामाडॉलसारखी कडक औषधं कमी लागतात. दिवसाची डुलकी अर्ध्या तासाच्या आत. अंधार पडण्याआधी दिवे लावा, कारण सांजावताना सावल्यांचेच आकार होतात. रात्री दहानंतर मोबाइल बंद, दिवा मंद, पायांना खोबरेल चोळा. प्रकृती स्थिर असेल तर रात्री दोनचं बीपी आणि पहाटे चारचं रक्त पुढे ढकलता येईल का, हे सिस्टरना नम्रपणे विचारा. पुष्कळदा चालतं.

एवढं करूनही झालं, तर? भांडू नका, समजावत बसू नका, आणि भिंतीवरच्या मुंग्या तुम्हीही झाडू नका. “मला नाही दिसत, पण तुम्हाला भीती वाटतेय ना? मी इथेच बसलोय” असं म्हणा आणि हात धरा. तोवर दुसऱ्याने डॉक्टरांना बोलवावं. त्यांच्याकडून ऑक्सिजन, साखर, ताप, सोडियम, छातीतला संसर्ग, तुंबलेली लघवी, दुखणं आणि काल-आज नव्याने सुरू झालेलं औषध, हे तपासून घ्यायला हवं. बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, तर तो डेलिरियम समजून बसू नका. पक्षाघाताची शक्यता म्हणून ताबडतोब सांगा.

हात बांधायला आम्ही विरोध करू. बांधलेला माणूस अधिक झटापट करतो, मनगटं सोलवटतात, आणि कॉटचे कठडे ओलांडायला गेला तर जास्त उंचीवरून पडतो. कॉट सगळ्यात खाली करायला सांगा. सलाईनच्या जागी पट्टी गुंडाळून वर पूर्ण बाहीचा सदरा घाला, बाटली नजरेआड टांगा. पोटात अन्न जात असेल तर सलाईन काढून नुसती सुई ठेवता येते का ते विचारा. लघवीची नळी पायाला अडकेल अशी लोंबू देऊ नका. औषधाची गरज क्वचितच, म्हणजे माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी वेळ आली तर. तेव्हा हॅलोपेरिडॉल अगदी लहान मात्रेत, पाव ते अर्धा मिलिग्रॅमपासून, थोड्याच दिवसांसाठी देतात. त्याने डेलिरियमचे दिवस कमी होत नाहीत, नुसती तगमग उतरते. पार्किन्सन्स असेल तर ते चालत नाही, हे आधीच सांगा. लोराझेपाम, मिडाझोलामसारखी झोपेची इंजेक्शनं भ्रम बहुधा वाढवतात. त्याला अपवाद दारू किंवा झोपेची गोळी अचानक तुटल्यामुळे झालेल्या भ्रमाचा, आणि वडिलांच्या बाबतीत नेमकं हेच लागू पडू शकतं. म्हणून त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा: अल्प्राझोलाम किती मिलिग्रॅम, किती वर्षं, शेवटची गोळी केव्हा घेतली. आईच्या फाइलवरही लिहा: ‘ऑपरेशननंतर डेलिरियम झाला होता.’ पुढे मोतीबिंदूसाठी जरी दाखल केलं, तरी ते पान आधी दाखवा.